शिसेयुक्त रंगाच्या जुन्या खिडक्या आणि पट्ट्या: धूळ न उडवता कशा काढाव्यात, कशा बदलाव्यात

जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या बसवायचे ठरले की काम साधारण असे चालते: सुतार पहारीने चौकट उचकटतो, गवंडी कडेचे प्लास्टर फोडतो, आणि संध्याकाळी कोणीतरी केरसुणीने खोली झाडून काढते. खिडकीवरचा ऑइल पेंट २०१७ च्या आधीचा असेल, तर त्या झाडलेल्या धुळीत शिसे असण्याची दाट शक्यता आहे. लाकडावर घट्ट धरून राहिलेला रंग फारसा त्रास देत नाही, त्याची धूळ देते. म्हणूनच इतकी वर्षे खिडकीने दिला नसेल इतका त्रास ती काढण्याचा एक दिवस देऊ शकतो. पुढे जे काही लिहिले आहे त्याचा गाभा एवढाच: खिडकी शक्यतो अखंड काढा, ओली करून काढा आणि जागच्या जागी गुंडाळा.

शिसे कुठल्या रंगात असते

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात २०१६ साली अधिसूचित झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये आणि इनॅमलमध्ये शिसे तीन कामांसाठी पडत असे. एक, छटेसाठी: पिवळा, नारिंगी आणि पिवळ्यात निळा मिसळून केलेला हिरवा, या छटांत लेड क्रोमेट असे. दोन, रंग लवकर वाळावा म्हणून. त्यामुळे पांढऱ्या इनॅमललाही निर्धोक समजू नये. तीन, लोखंड गंजू नये म्हणून: गजांवर आणि ग्रिलवर खाली जो भडक शेंदरी हात मारलेला दिसतो तो बहुधा रेड लेडचा, म्हणजे पारंपरिक शेंदुराचाच पदार्थ. विटकरी रंगाचा रेड ऑक्साइड प्रायमर वेगळा. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो.

भिंतीवरचा चुना, डिस्टेंपर किंवा पाण्यात मिसळायचा रंग यांची तितकी काळजी नको. धोका लाकडावरच्या आणि लोखंडावरच्या तेली रंगाचा: खिडक्या, दारे, चौकटीभोवतीच्या पट्ट्या, जिन्याचे कठडे, ग्रिल.

त्यातही खिडकी सर्वांत वाईट, कारण ती घासते. झडप चौकटीच्या खोबणीत दर वेळी रंग घासते आणि त्याचे पीठ खालच्या कट्ट्यावर साचते. बाहेरून ऊन-पाऊस खाऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात झडप फुगून अडकली की सुतार कडेवर रंधा मारतो, आणि रंगाचे सगळे थर भुशात उतरतात. आणि खिडकीचा कट्टा लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम शिसे असले की अमेरिकेत त्या रंगाला शिसेयुक्त म्हणतात. असा एकच चौरस फूट रंग घेतला तर त्यात सुमारे ९३० मिलिग्रॅम शिसे भरते. तेवढाच रंग पॉलिश पेपरने घासला आणि त्याची धूळ १० बाय १० च्या खोलीत सारखी पसरली, तर फरशीच्या दर चौरस फुटावर ९,३०० मायक्रोग्रॅम शिसे येते. फरशीवरच्या धुळीसाठी धोक्याची रेषा अमेरिकेने २०१९ साली चौरस फुटाला १० मायक्रोग्रॅमवर आणली आणि पुढे ती आणखी खाली नेली. एका खिडकीच्या झडपा आणि चौकट मिळून रंगवलेली जागा सहज २०-२५ चौरस फूट होते.

सहा वर्षांखालची मुले आणि गरोदर स्त्रिया यांना सर्वाधिक जपायचे. वाढत्या मेंदूला शिशाचे अमुक प्रमाण चालते, अशी कोणतीही सुरक्षित पातळी सापडलेली नाही. त्यांच्यानंतर जपायचे ते रंगारी, सुतार आणि दुसऱ्या दिवशी लादी पुसायला येणाऱ्या बाई यांना. यांच्याकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही.

आधी तपासणी

ऑनलाइन मिळणाऱ्या चाचणी-काड्या सोडियम रोडिझोनेटच्या असतात. शिशाशी गाठ पडली की गुलाबी-लाल होतात. लेड क्रोमेटवर त्या नीट चालत नाहीत, आणि लाल रंग काडीलाच लागला तर काहीच कळत नाही. काडी लाल झाली तर शिसे आहे असे धरा. नाही झाली तर त्यावरून सुटका झाली असे समजू नका.

खात्री प्रयोगशाळाच देते. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या आणि रंगातले शिसे मोजणाऱ्या प्रयोगशाळेला आधी फोन करून नमुना किती लागतो ते विचारा. साधारण २ इंच बाय २ इंच जागा पाण्याने भिजवून धारदार पटाशीने रंगाचे सगळे थर लाकडापर्यंत उचला. जुन्या घरात आठ-दहा हात एकावर एक असतात आणि शिसे बहुधा खालच्या थरांत असते. वरचा नवा थर तेवढा तपासला तर निकाल फसवा येतो. लाकडाचा भुसा नमुन्यात जास्त आला तर आकडा कमी दिसतो, म्हणून रंगच उचला. झडप, चौकट आणि गज यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, कारण त्यांचे रंग वेगळ्या काळचे असतात.

तपासणीला वेळ किंवा पैसा नसेल, तर शिसे आहे असे धरूनच काम करा. खालची पद्धत रंगात शिसे नसले तरी नुकसान करत नाही.

सगळी खिडकी काढायलाच हवी का

बऱ्याचदा नको. लाकूड ठणठणीत असेल, वाळवी नसेल आणि रंग फक्त घासणाऱ्या कडांवरच सुटत असेल, तर झडपा बदला, चौकट ठेवा. चौकट उपसण्यात धूळ सर्वांत जास्त होते आणि भिंतही फुटते. ठेवलेल्या चौकटीचे सुटे पापुद्रे ओले करून काढायचे, कडा ओल्या पॉलिश पेपरने मोडायच्या, प्रायमर आणि नव्या रंगाचे दोन हात द्यायचे. खोबणीत मात्र नवी झडप पुन्हा जुन्या रंगावर घासायला नको. तिथला रंग ओला खरवडून पूर्ण काढा.

वाड्यातली कोरीव चौकट फेकून प्लास्टिकची बसवणे हे तर नुकसानच आहे. ती जपण्यासारखी असते. वाडा वारसा यादीत असेल तर बाहेरचे रूप बदलायला महापालिकेची परवानगीही लागते.

चौकट कुजली असेल, वाळवीने पोखरली असेल किंवा मापाबाहेर वाकली असेल, तरच ती काढा. त्याआधी वर बघा: खिडकीवर दगडी, लाकडी किंवा काँक्रीटचे लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारा आडवा दांडा, आहे का, आणि ते सरळ आहे का? जुन्या माती-विटांच्या भिंतींत लिंटल वाकून भार चौकटीवर आलेला असतो. चौकटीचा वरचा दांडा मधे झुकलेला असेल, कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर टेकू दिल्याशिवाय हात लावू नका आणि अभियंत्याला बोलवा.

कधी करावे

पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. वाऱ्याच्या दिवशी बाहेरच्या बाजूचे काम थांबवा. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हे काम काढूच नका. कामगारांना चार घरे उरकायची असतात आणि ओले करण्याचा वेळ सगळ्यांत आधी कापला जातो. एका दिवशी एकच खोली घ्या. मुले, गरोदर बाई आणि पाळीव प्राणी शेवटची सफाई होईपर्यंत दुसऱ्या घरी राहू देत. दुसऱ्या खोलीत दार लावून बसवणे पुरत नाही.

कामगारांशी बोलणे आधीच करा आणि त्याचा वेळ मजुरीत धरा. "ग्राइंडर नाही, ब्लो लॅम्प नाही, कोरडा पॉलिश पेपर नाही, खोलीत तंबाखू नाही" हे काम सुरू झाल्यावर सांगितले तर कोणी ऐकत नाही.

सामान

४ बाय ४ फुटांच्या एका खिडकीसाठी:

- २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. आत जमिनीवर खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि समोर ६-६ फूट पुढे जाईल एवढा, म्हणजे १६ बाय ६ फूट, आणि तो दुहेरी. बाहेर तळमजला असेल तर भिंतीपासून १० फुटांपर्यंत. शिवाय दारासाठी आणि गुंडाळण्यासाठी. मिळून ५०० चौरस फूट आणा, उरला तर पुढच्या खिडकीला लागतो. पातळ पॅकिंगचा कागद पायाखाली फाटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.
- डक्ट टेपचे दोन रोल, आणि भिंतीचा रंग निघू नये म्हणून मास्किंग टेपचा एक. आधी मास्किंग, तिच्यावर डक्ट.
- पाण्याचे दोन फवारे, एक-एक लिटरचे. पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब; नुसते पाणी ऑइल पेंटवरून ओघळते, साबणाचे धरून राहते.
- मास्क: पी-१०० फिल्टरचा रबरी हाफ-मास्क उत्तम, नाहीतर एफएफपी-३. एन-९५ ही अगदी किमान पातळी. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. दाढी असेल तर मास्क कडेने गळतो.
- चष्मा, रबरी हातमोजे, टोपी, एकदाच वापरायचा अंगरखा किंवा जुने पूर्ण बाह्यांचे कपडे.
- धारदार कटर, पटाशी, चपटी पहार, लाकडी ठोकळे, पक्कड, हाताची करवत, हॅक-सॉ.
- हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम. घरचा साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत फेकतो; तो वापरण्यापेक्षा न वापरलेला बरा. "हेपा टाइप" लिहिलेला नको, खरा एच-१३ चा हवा. खरेदी परवडत नसेल तर भाड्याने बघा.
- तीन बादल्या, साधी कपड्यांची पावडर, फेकून देता येतील अशा सुती फडक्यांचा गठ्ठा, जाड कचरापिशव्या.

खोली बांधून घेणे

फर्निचर, गाद्या, पडदे, देव्हारा, धान्याचे डबे सगळे बाहेर. कपाट हलत नसेल तर पूर्ण गुंडाळून टेप लावा. पंखा आणि एसी बंद, आणि त्या खोलीचा एमसीबीच खाली पाडा. पाण्याचा फवारा आणि खिडकीजवळचा प्लग ही जोडी धोक्याची आहे.

जमिनीवर कागदाचे दोन थर अंथरा. खिडकीखालच्या भिंतीला कागद ६ इंच वर वळवून टेप लावा, नाहीतर भिंत आणि फरशी यांच्या फटीत धूळ जाऊन बसते. दाराला दोन पडदे: पहिला चारी बाजूंनी चिकटवून मधे उभा काप द्यायचा, दुसरा वरून नुसता सोडायचा. येण्याजाण्याचा रस्ता एकच ठेवा आणि बाहेर ओले फडके अंथरा, बूट त्यावर पुसायचे.

चाळीत किंवा वरच्या मजल्यावर बाहेर कागद अंथरायला जागा नसते. तिथे खिडकी बंद असतानाच बाहेरच्या अंगाने, गॅलरीतून किंवा परांचीवरून, खिडकीपेक्षा सगळीकडून फूटभर मोठा कागद भिंतीला चिकटवा. मग सगळे काम आतून होते आणि खाली काही पडत नाही. खालच्या मजल्यावरच्यांना आदल्या दिवशी सांगा: खिडक्या बंद, दोरीवरची धुणी आत, गच्चीवरचे पापड-कुरडयांचे वाळवण आत, पाण्याच्या टाकीचे आणि विहिरीचे झाकण लावलेले.

खिडकी काढणे

पहिले काम फवारा. खोबणी, कट्टा, बिजागऱ्यांभोवतीची जागा भिजवून साचलेले पीठ ओल्या फडक्याने उचला. झडप उघडल्याबरोबर हेच पीठ हवेत जाते, म्हणून उघडण्यापूर्वी.

झडप आणि चौकट यांच्यात वर्षानुवर्षांच्या रंगाने साखळलेली फट असते. ती भिजवून कटरने कापा. असे न करता झडपेला धक्का मारला की रंगाचे लांब तुकडे उडतात. बिजागरीच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने भरलेल्या असतात. खाच भिजवून टोच्याने मोकळी करा, मग पेचकस चालतो. तरीही स्क्रू फिरत नसेल तर बिजागरीच्या खिट्टीवर खालून ठोका, खिट्टी वर सरकते आणि झडप सुटते. ड्रिलने स्क्रू उडवण्याची घाई नको.

झडप काचेसकट आणि लांबीसकट, म्हणजे काच बसवायच्या पुट्टीसकट, तशीच उचला. काच वाचवायला लांबी खरवडू नका. जुनी लांबी कोरडी ठिसूळ झालेली असते आणि तिच्यातही शिसे असू शकते. काच तडकलेली असेल तर फुल्या मारून टेप लावा. झडप तिथल्या तिथे, कागदावर उभी असतानाच, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. उघडी झडप हॉलमधून जिन्यापर्यंत नेली तर माग सबंध घरभर पडतो.

चौकटीभोवतीच्या पट्ट्या त्यानंतर. पट्टी आणि प्लास्टर यांची रेघ भिजवून कटरने कापा, खिळ्याजवळ चपटी पहार घाला, भिंतीच्या बाजूला लाकडी ठोकळा ठेवा आणि थोडी-थोडी उचला. मधेच जोर लावला तर पट्टी मोडते आणि मोडलेल्या जागी रंग फुटतो. पट्टी पुन्हा वापरायची असेल तर खिळे मागच्या बाजूने पक्कडीने ओढून काढा. दर्शनी बाजूने ठोकले तर डोक्याभोवतीचा रंग टवका होऊन उडतो.

जुन्या चौकटींत गज वरच्या आणि खालच्या दांड्यांतून आरपार ओवलेले असतात. ते ग्राइंडरने कापायचा मोह सगळ्यांना होतो. ठिणग्यांच्या उष्णतेने शेंदरी प्रायमरमधल्या शिशाचा धूर होतो आणि चाकाने धूळ दूरवर फेकली जाते. कापायच्या जागी दोन इंच रंग ओला खरवडा आणि हॅक-सॉने कापा. वेळ लागतो, पण चौकट निघाल्यावर गज तिच्याबरोबर अखंड नेता येत असतील तर कापायची गरजही नाही.

आता चौकट. उभ्या दांड्यांना बाजूने होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत रुतवलेल्या लोखंडी पट्ट्या, असतात आणि वरच्या-खालच्या दांड्यांचे कान भिंतीत गाडलेले असतात. सरळ ओढून ती निघत नाही. ओढली की प्लास्टरचा मोठा पोपडा घेऊन येते. उभ्या दांड्याच्या मधोमध चारी बाजूंनी दोन-तीन इंचांचा पट्टा ओला खरवडून रंगमुक्त करा. खरवडलेला ओला रंग कागदावर पडू द्या, लगेच पिशवीत भरा. त्या मोकळ्या पट्ट्यावर हाताच्या करवतीने तिरका काप घ्या. साथीदाराने फवारा चालू ठेवावा. तिरक्या कापाने दोन्ही तुकडे एकमेकांवर न अडकता आत ओढता येतात. कान मग छिन्नीने, भिंत भिजवून, मोकळे करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पडलेले उचला. कागदावर धूळ कोरडी दिसू लागली तर फवारा कमी पडतोय.

चौकट निघाल्यावर उघड्या पडलेल्या भिंतीच्या पोकळीत जुना भुसा, वाळवीची माती, रंगाचे कण भरलेले असतात. नवी खिडकी बसवण्याआधी हे व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने साफ करा. नंतर ते नव्या खिडकीमागे कायमचे अडकते आणि फटींतून झरत राहते.

नवी खिडकी

रुंदी वर, मधे, खाली आणि उंची डावीकडे, मधे, उजवीकडे मोजा. सर्वांत लहान मापातून १० मिलिमीटर वजा करून ऑर्डर द्या. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात, त्यामुळे एकाच मापावर विसंबून मागवलेली खिडकी अडकते, आणि मग तिथेच चौकटीच्या उरलेल्या लाकडावर करवत चालते. कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० मिलिमीटरवर आणि पुढे ६०० मिलिमीटरच्या आत. बाहेरच्या फटीत सीलंट भरा. नवी लाकडी खिडकी घेत असाल तर रंगाच्या डब्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचे छापले आहे का ते पाहा.

सफाई

खोलीत केरसुणी किंवा झाडू आणायचा नाही. कोरड्या झाडण्याने बारीक धूळ हवेत जाते आणि नंतर सावकाश सगळीकडे बसते.

कागदावर फवारा मारा, मोठे तुकडे पिशवीत भरा, मग कागद कडांकडून मध्याकडे, मळकी बाजू आत ठेवत घडी घाला आणि तोंड टेपने बांधा. दारावरचे पडदे सर्वांत शेवटी. तासभर थांबून हवेतली धूळ बसू द्या. नंतर वरून खाली हेपा व्हॅक्यूम: भिंत, कट्टा, फरशी, आणि सगळ्यांत शेवटी दाराजवळची जागा.

आता ओले पुसणे, तीन बादल्यांनी. पहिलीत पावडरीचे पाणी, दुसरी रिकामी फडके पिळायला, तिसरीत स्वच्छ पाणी. साबणात बुडवा, पुसा, रिकाम्या बादलीत पिळा, स्वच्छ पाण्यात खळबळा. एकाच बादलीत फडके बुडवत राहिले तर शिसे उचलले जात नाही, सारवले जाते. फडक्याची घडी दर दोन-तीन चौरस फुटांना उलटा आणि पाणी दर खोलीला बदला. वाळल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम. हेपा मिळालाच नसेल तर ओले पुसणे तीनदा.

शहाबादी फरशीच्या सांध्यांत धूळ राहते. ब्रशने साबणपाणी घालून सांधे घासा. कोकणात किंवा गावच्या घरी शेणाने सारवलेली जमीन असेल तर पुसण्याचा उपयोगच नाही. तिथे प्लास्टिकचे तीन थर अंथरा, आणि नंतर खिडकीखालची वरची पातळ खपली ओली करून खरवडून पिशवीत भरा, मग नवे सारवण करा.

शेवटी पांढऱ्या ओल्या फडक्याने कट्टा आणि फरशीचा एक भाग पुसून पाहा. फडके करडे झाले तर पुन्हा पुसायचे. घरात लहान मूल असेल तर एवढ्यावर थांबू नका. धुळीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. शिसे डोळ्यांना दिसत नाही, आणि स्वच्छ दिसणाऱ्या फरशीवरही पुरेसे असते.

बादलीतले पाणी संडासात ओता. अंगणात, तुळशीत, परसातल्या भाजीत किंवा गटारात नाही. मातीत पडलेले शिसे तिथेच राहते.

अंगावरून घरात काय जाते

काम चालू असताना खोलीत चहा, बिडी, पान काही नको. तंबाखू मळणे तर सर्वांत घातक: हाताला लागलेली धूळ चुन्याबरोबर मळून थेट तोंडात जाते. कामगारांना तास-दोन तासांनी बाहेर विश्रांती द्या, आणि त्याआधी साबणाने हात-तोंड धुवायला लावा. संध्याकाळी कपडे तिथेच बदलून पिशवीत. ते घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. केस धुऊन आंघोळ. त्याच कपड्यांनी घरी जाऊन मुलाला उचलून घेतले तर इथली सगळी काळजी व्यर्थ.

लाकडाचे काय करायचे

जुने सागवान टाकवत नाही, आणि नेमके इथेच काम बिघडते. रंगवलेले लाकूड चुलीत किंवा आंघोळीच्या बंबात घातले तर शिशाचा काही भाग धुरात जातो आणि बाकीचा राखेत उरतो. त्याच राखेने भांडी घासली जातात किंवा ती अळूच्या वाफ्यात पडते. रंगवलेले लाकूड जाळू नका, होळीतही नाही.

वखारीत किंवा जुन्या बाजारात विकायचे असेल तर घेणाऱ्याला रंगात शिसे असल्याचे सांगा. तो ते रंधून फळ्या काढणार आणि ती धूळ त्याच्या कारागिराच्या नाकात जाणार. स्वतः रंग काढून वापरायचे असेल तर घरापासून दूर, ओले खरवडून. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग जाळणे ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिने शिशाचा धूर होतो. अमेरिकी नियमांत गरम हवेने रंग मऊ करणाऱ्या हीट गनलाही ५९३ अंश सेल्सिअसच्या वर बंदी आहे.

रंगाचे पापुद्रे, फडकी, प्लास्टिक, मास्कचे फिल्टर दुहेरी पिशवीत बांधून वर "शिसेयुक्त रंग" असे लिहा आणि घंटागाडीला ओल्या-सुक्यापासून वेगळे, घरगुती घातक कचरा म्हणून द्या. घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा द्यायला सांगितला आहे. सोसायटीच्या दहा-वीस खिडक्या एकदम बदलायच्या असतील तर ठेकेदार कचरा कुठे टाकणार हे करारातच लिहून घ्या. नाहीतर तो मागच्या नाल्याशेजारी पडतो.

परदेशातल्या घरांसाठी

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. न्यू जर्सीतले त्याआधीचे घर घेतले असेल, तर एप्रिल २०१० पासून पैसे घेऊन खिडक्या बदलणारी कंपनी पर्यावरण खात्याच्या नियमाप्रमाणे प्रमाणित असावी लागते. तिचे प्रमाणपत्र मागा. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केले तर हा नियम लागत नाही. घराचा काही भाग भाड्याने दिला असेल तर लागतो.

रक्त तपासणी

आधी कोणी कोरडे घासकाम करून ठेवले असेल आणि घरात सहा वर्षांखालचे मूल असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून शिरेतून घेतलेल्या रक्तातले शिसे तपासून घ्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही पुढे लक्ष घालण्याची रेषा ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅमला शिशाचा स्रोत शोधून थांबवायला सांगते. लक्षणांची वाट पाहू नका, कमी पातळीला बहुतेक मुलांत ती दिसतच नाहीत. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते, म्हणून त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघा. वर्षानुवर्षे ऑइल पेंट घासत आलेल्या रंगाऱ्यालाही हीच तपासणी करून घ्यायला सांगा, आणि जमल्यास तिचा खर्च तुम्ही द्या.